आरतीनंतर सुरू न होणारी मोटर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मालू, तू ये. हे खुर्चीतून उठत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली. आवाज इतका साधा होता की मला वाटलं, दादा नेहमीसारखा रुसून बसला असणार... रुसला की तो खुर्चीतून उठायचा नाही, जेवायलाही नाही. गोमती नगरहून निशातगंजला पोहोचेपर्यंत मी त्याला चार शब्द सुनावायची मनात तयारी करत होते. वाटेत ई-रिक्शावाल्यावर उगीच डाफरलेही. अंगणात शिरले तर दादा व्हरांड्यातल्या खुर्चीत होता, शेजारी स्टुलावर अर्धा प्यालेला चहा, आणि समोर अंगणात निळ्या पिंपाच्या काठाला अडकवलेली नावेची मोटर. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले. माझ्या आधी आणखी एक माणूस तिथे हजर होता, आमच्या लखनऊच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देवधरसाहेब, इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मालतीताई, मंडळाचा मार्गदर्शक गेला." मी हात सोडवून घेतला. हा मार्गदर्शक शब्द त्यांनी माझ्या भावाला कसा चिकटवला, ते सांगितल्याशिवाय मला त्याच्याबद्दल काही लिहिता येणार नाही.

मृत्युलेखांमधून गेलेला माणूस प्रेमळ आणि मनमिळाऊ असतो. आमचा दादा, म्हणजे दिगंबर पेंढारकर, मनमिळाऊ अजिबात नव्हता. आम्ही सांगलीचे. कृष्णेच्या काठी वाढलो, आणि होडी वल्हवायला मला त्यानेच शिकवलं, पण शिकवलं म्हणजे काय, माझ्या हातातलं वल्हं दर दोन मिनिटांनी हिसकावून घेतलं. पुढे तो रेल्वेच्या डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये इंजिनिअर म्हणून लखनऊला आला आणि इथलाच झाला. काही वर्षांनी माझ्या नवऱ्याची बँकेतली बदली इथे झाली, आम्हीही राहिलो. दादाला माणसांशी गप्पा मारता येत नसत. त्याला यंत्र ऐकू यायचं. लग्नात सगळे जेवायला बसले की हा बोट वर करून आम्हाला गप्प करायचा, मांडवामागच्या जनरेटरकडे कान लावायचा, आणि हातातली पुरी ताटात टाकून मागे निघून जायचा. परत यायचा तेव्हा हात काळे, आणि तोंडावर समाधान. वहिनी म्हणायची, "माझ्या माहेरच्यांना यांची पाठच जास्त ओळखीची आहे." असा माणूस. त्याचं चुकलं तर तो कबूल करायचा, पण चुकलं नसताना कुणी चुकलं म्हटलं, तर ते त्याच्या अंगात काट्यासारखं रुतून बसायचं.

मंडळाचा गणपती गोमतीत विसर्जन करायचा तो नावेतून. मूर्ती लहान, शाडूची. पूर्वी घाटावरची नाव भाड्याने घेत असू. मग एका सभासदाने लखनऊ सोडून जाताना आपली जुनी फायबरची नाव आणि तिच्या मागे अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची मोटर मंडळाला देऊन टाकली, आणि ती सांभाळायचं काम आपोआप दादाकडे आलं. त्याने एक नियम घालून दिला. नाव मधोमध नेल्यावर मोटर बंद करायची, आणि शांत पाण्यावर आरती म्हणायची. सांगलीला आम्ही तशी ऐकलेली, वल्ह्यांच्या होडीत. फटफट आवाजात देवाला निरोप द्यायचा म्हणजे बसस्टँडवर निरोप दिल्यासारखं, असं त्याचं म्हणणं. बाकीच्या नावा मोटर बंद करत नाहीत. मूर्ती सोडतात आणि तशाच वळून काठाला येतात. आमच्याकडे मात्र मोटर थांबली की पुलावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा लांब जातो, आणि मग टाळ वाजतात. लोकांना ते इतकं आवडलं की पुढे ती मंडळाची रीतच झाली. बाहेरगावी गेलेली मुलं त्यासाठी रजा काढून येतात.

आणि त्याच रीतीने दादाचा घात केला. आधीच्या एका वर्षी आरती झाल्यावर मोटर सुरू होईना, पण नावेत वल्हं होतं, निभावलं. गेल्या वर्षी मात्र सगळ्यांसमोर शोभा झाली. आरती संपली, मूर्ती पाण्यात गेली, दादाने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. चोक लावून, चोक काढून, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबून... काही नाही. पावसाळ्याचं पाणी ओढीचं होतं. नाव पुलाखालून वाहत गेली आणि जलपर्णीत जाऊन अडकली. देवधरसाहेब वल्हं घेऊन उभे राहिले आणि गुडघ्यापर्यंत भिजून खाली बसले. काठावरून लोक व्हिडिओ काढत होते. शेवटी घाटावरच्या एका नाववाल्याने दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. काठाला लागून सगळे उतरले, चहापाणी झालं, आणि कुणीतरी सहज दोरी ओढली तर मोटर पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्या आवाजाकडे सगळ्यांनी मान वळवली आणि मग दादाकडे बघितलं. त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही.

त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. सत्तरी ओलांडलेला घामाघूम माणूस, दोरी ओढतोय, ओढतोय. खाली हसरे चेहरे. दिवाळीनंतरच्या बैठकीत देवधरसाहेबांनी विषय काढला. ते बँकेत मोठ्या पदावर होते, माणसाला दुखावल्याचा आवाज होऊ न देता बाजूला कसं करायचं ते त्यांना बरोबर कळतं. "दिगंबरराव, तुम्ही इतकी वर्षं केलंत. आता दगदग नको. निखिल करेल, तुम्ही मार्गदर्शन करा." निखिल हा त्यांचा भाचा, इथल्याच एका कंपनीत नोकरीला, लखनऊतच जन्मलेला, मराठी समजतं पण बोलतो हिंदीत. मुलगा वाईट नाही. दादा उभा राहिला आणि म्हणाला, "मोटरीत दोष आहे. माझ्या हातात नाही." देवधरसाहेब हसले. "अहो, पण मेकॅनिकने तपासली. एकदम ओके आहे म्हणाला." मेकॅनिकने तपासली होती हे खरं. एकाने नाही, दोघांनी. दोघांच्याही दुकानात ती एका झटक्यात सुरू झाली. दादा सांगत होता, "थंड मोटर तपासून काय उपयोग? तापवून बंद करा, आणि मग ओढा." त्याचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत अल्पोपाहाराच्या बशा आल्या. हात थरथरतो आता त्यांचा, असं कुणीतरी माझ्या मागे कुजबुजलं. माझ्या भावाचा हात थरथरत नव्हता. मी वळून तसं सांगितलं, तर त्या बाई माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या.

गंमत अशी की काम काढून घेतलं, पण मोटर त्याच्याच अंगणात राहिली. फ्लॅटमध्ये पेट्रोलचा वास कुणाला चालत नव्हता. दादाने एक निळं प्लॅस्टिकचं पिंप आणलं, ते पाण्याने भरलं, काठाला फळी बांधून मोटर अडकवली, आणि जो छंद घेतला तो सगळा हिवाळाभर. डिझेलवर आयुष्य काढलेला माणूस तो. डिझेलच्या इंजिनाला प्लग नसतो, ठिणगी नसते. तिथे बिघाड म्हणजे तेल, हवा किंवा पाणी. त्यामुळे त्याने महिनोन्‌महिने तेच तपासलं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक, नळ्या, कार्बोरेटर. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चाक काढून नवं बसवलं. मोटरीच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते, ती जोरात पडते आहे याचा अर्थ थंड करणारं पाणी नीट फिरतंय, हे त्याने मला इतक्यांदा दाखवलं की मी म्हटलं, दादा, मला आता स्वप्नात धार दिसते. सगळं ठीक होतं. तरी गरम झाली की रुसायचीच.

मग त्याच्या लक्षात आलं की बंद ठेवायचा वेळही नेमका आरतीइतकाच ठेवला पाहिजे. म्हणून तो मोटर चांगली तापवायचा, बंद करायचा, आणि अंगणात उभा राहून सगळ्या आरत्या म्हणायचा. पूर्ण. टाळ्या वाजवत, शेवटच्या जयजयकारापर्यंत, जशा नावेत होतात तशा. मग दोरी ओढायचा. भिंतीपलीकडचे शेजारी वर येऊन डोकावायचे. एकदा मी गेले तेव्हा शेजारचे मिश्राजी मला म्हणाले, "बहनजी, इंजीनियर साहब मोटर की आरती उतार रहे हैं. कुछ मन्नत है क्या?" मला हसू आलं, आणि आत जाऊन वहिनीकडे बघितलं तर ती कणीक मळता मळता रडत होती. "लोक वेडा म्हणतात गं यांना," ती म्हणाली. "आणि मला त्या मोटरीपेक्षा त्या लोकांचाच राग येतो." वहिनीच्या तोंडून रागाचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाहेर दादा पुन्हा पहिल्या आरतीपासून सुरू झाला होता.

दोष सापडला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याने मला फोन करून बोलावून घेतलं, असं तो कधी करत नसे. मोटर तापवली, बंद केली, आरत्या झाल्या. या वेळी दोरी ओढायच्या आधी त्याने प्लग बाहेर काढला आणि वायरसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. "आता बघ." दोरी ओढली. प्लगच्या टोकाला काहीच दिसलं नाही. मग त्याने वहिनीचं एक ओलं फडकं आत एका काळ्या डबीवर गुंडाळलं, थोडा वेळ थांबला, आणि पुन्हा ओढली. निळी ठिणगी टिचकन उडाली. "कॉइल," दादा म्हणाला. "ठिणगीला वीज हीच देते. गरम झाली की आतली तार सुटते. थंड झाली की परत जुळते." चालू असताना नदीचं पाणी मोटरीला थंड ठेवतं. बंद केली की पाणी थांबतं आणि आतली सगळी उष्णता वर चढून त्या कॉइलपाशी कोंडते. म्हणजे जे कधी मधेच बंद करत नाहीत, त्यांना हा दोष जन्मात कळणार नाही. काठावर चहा पिऊन आल्यावर ओढली तर तोवर कॉइल थंड. मेकॅनिकच्या दुकानात तर ती तापतच नाही. दादा सांगत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होते. काडीइतकाही हलत नव्हता.

नवी कॉइल मुंबईहून मागवली. बसवली. मग रोज मोटर तापवायची, बंद करायची, आरत्या म्हणायच्या, ओढायची. दर वेळी एका झटक्यात सुरू. मी म्हटलं, "ग्रुपवर व्हिडिओ टाक. देवधरांच्या तोंडावर मार." तो म्हणाला, "पिंपातला व्हिडिओ बघून ते म्हणतील, असेल. नावेत करायला हवं. सगळे बसलेले असताना. आरती झाल्यावर." त्याला एवढंच हवं होतं. काम परत नको होतं, माफी नको होती. अनंत चतुर्दशीला एकदा, फक्त एकदा, त्याच लोकांसमोर त्याच्या हाताने ती गरम मोटर सुरू व्हायला हवी होती. त्याने देवधरांना फोनही केला. या वर्षी एकदा मला बसू द्या म्हणाला. ते म्हणाले, "बघू या की, जवळ आल्यावर." मी ओरडले त्याच्यावर, कॉइलचं त्यांना का नाही सांगितलंस म्हणून. "सांगून काय... दाखवतोच," तो म्हणाला. असला हट्टी. मग आषाढ आला, आणि त्या सकाळी तो चहाचा कप ठेवून खुर्चीत मागे टेकला.

शोकसभेत मी उठून सांगितलं. भावना वगैरे बाजूला ठेवून, सरळ. मोटरीची कॉइल गरम झाली की बंद पडायची, दादाने ती शोधली आणि बदलली, त्याचा हात चुकत नव्हता. देवधरसाहेबांनी मान डोलावली आणि माइक घेऊन म्हणाले, "शेवटपर्यंत मंडळाचाच विचार. असा कष्टाळू माणूस होणे नाही." लोकांनी डोळे पुसले. मी काय बोलले ते एकाही माणसाने ऐकलं नव्हतं.

विसर्जनाला वहिनी आली नाही. मी गेले. नाव मधोमध आली तेव्हा देवधरसाहेब हळू आवाजात निखिलला म्हणाले, "चालूच ठेव. या वर्षी रिस्क नको." दोघेतिघे लगेच हो हो म्हणाले. मी म्हटलं, "बंद कर." देवधर म्हणाले, "मालतीताई, गेल्या वर्षीचं आठवतंय ना?" मी म्हटलं, "आठवतंय म्हणूनच सांगते. चालत्या मोटरीवर आरती करायची असेल तर मला आधी काठावर सोडा." माझ्याकडे बघून निखिलने मोटर बंद केली. आरत्या झाल्या, पण मनापासून कुणी म्हणत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष त्या मोटरीकडे. मी मात्र प्रत्येक शब्द म्हटला. मूर्ती पाण्यात गेली. निखिल उठला, त्याने दोरी धरली, आणि पहिल्याच झटक्यात मोटर सुरू झाली.

नावेत टाळ्या पडल्या. "वाह निखिलभैया," मागून कुणीतरी म्हणालं. देवधरसाहेबांचा चेहरा फुलला होता. ते शेजारच्यांना सांगत होते, "बघा, यंत्राला तसा हात लागतो. मेकॅनिक म्हणत होता की मोटर ओके आहे." मग माझ्याकडे वळून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "दिगंबरराव असते तर आज खूश झाले असते." मी म्हटलं, "त्याने कॉइल बदलली आहे." त्यांनी ऐकू येत नाही म्हणून कानामागे हात धरला. मी पुन्हा म्हटलं. ते हसले, मान हलवली, आणि माझ्या हातावर खिरापत ठेवली. म्हणजे दादाने मोटर नीट दुरुस्त केली नसती, तर ती निखिलच्या हातातही रुसली असती आणि निदान दादावरचा आळ तरी गेला असता. आता ती दर वेळी सुरू होणार, आणि ज्या ज्या वेळी सुरू होईल त्या त्या वेळी माझा भाऊ पुन्हा नालायक ठरणार.

काठावर उतरल्यावर मी निखिलला बाजूला घेतलं. "विसर्जनाच्या आधी सर्व्हिसिंगला मोटरीचं झाकण उघडलं होतंस ना?" तो म्हणाला, "हाँ आंटी." "आत नवी कॉइल दिसली?" तो हात पुसत राहिला. "दिखी थी... अंकल ने लगाई होगी." मी म्हटलं, "मग हे सगळ्यांना सांग. तू सांगितलंस तर ऐकतील." त्याने मामाकडे पाहिलं. देवधरसाहेब कुणाशी तरी हात मिळवत होते. "आंटी, मामा आज इतने खुश हैं... अभी रहने दीजिए ना. मैं ग्रुप में डाल दूँगा." घरी पोहोचले तोवर ग्रुपवर त्याचा दोरी ओढतानाचा व्हिडिओ आला होता, खाली अभिनंदनांची रांग, आणि त्या रांगेत निखिलचं उत्तर, जोडलेल्या हातांचं चित्र आणि "सब बप्पा की कृपा." मग मीच लिहिलं. मोटर दिगंबर पेंढारकरांनी दुरुस्त केली आहे, गेल्या वर्षीचा दोष कॉइलचा होता. त्यावर एकामागून एक फुलं आली, पणत्या आल्या, विनम्र अभिवादन आलं. देवधरसाहेबांनी लिहिलं, "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो." मला संताप आला, आणि अजून तो गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात निखिल गाडी घेऊन निशातगंजला आला आणि मोटर घेऊन गेला. आता ती देवधरसाहेबांच्या गॅरेजमध्ये राहील. तिथे पेट्रोलचा वास चालतो असं दिसतं. वहिनीने अडवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे. इथे असती तर मीच एखाद्या दिवशी पाण्यात ढकलून दिली असती." पिंप अजून अंगणात आहे.

मृताच्या आत्म्याला शांती लाभो असं इथे लिहायला हवं, पण दादाला शांती नको होती. त्याला जे हवं होतं ते मी त्याच्या वतीने, जिथे कुणी माझ्या हातावर खिरापत ठेवणार नाही अशा ठिकाणी, छापून ठेवते आहे. माझ्या भावाचा हात चुकत नव्हता. मोटर गरम झाली की तिची कॉइल ठिणगी द्यायची नाही, हे त्याने एकट्याने शोधलं आणि ती बदलली. आरती झाल्यावर ती मोटर आता कुणाच्याही हाताने सुरू होते.